स्किड स्टीअर: तासाभराने आर्म मंदावतात, मग इंजिन मान टाकतं. पंप गेला की डिझेल?

खडीयार्ड_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटवर खडी-वाळू ओढायला स्किड स्टीअर, म्हणजे जागच्या जागी वळणारा छोटा बकेट लोडर आहे. चार सिलिंडर डिझेल, ६० एचपी, मीटरवर ४३०० तास. पुस्तकातले आकडे असे: लोडरचा गिअर पंप २८०० फेऱ्यांना मिनिटाला ६८ लिटर, मेन रिलीफ (जादा दाब सोडणारा वॉल्व्ह) २१० बार, ड्राइव्हचं चार्ज प्रेशर (चाकांचं हायड्रॉलिक सर्किट भरलेलं ठेवणारा दाब) २२ बार. लिफ्टचे दोन सिलिंडर, बोअर ६३ मिमी, स्ट्रोक ८०० मिमी.

सकाळी पहिला तास काही तक्रार नाही. रिकामी बकेट घेऊन आर्म जमिनीपासून पूर्ण वर जायला साडेचार सेकंद लागतात. अकरा वाजले की तेच काम आठ सेकंदांवर जातं, फेऱ्या मात्र २८०० च असतात. पंपाकडून कण्हल्यासारखा आवाज येतो. ढिगात घुसवून त्याच वेळी लिफ्ट दिली की फेऱ्या खाली येत जातात, काळा धूर निघतो आणि इंजिन बंद. आणखी एक म्हणजे अधूनमधून रिकामं चालत असतानाही बंद पडतं. तेव्हा धूर नसतो, दोन-तीन आचके देतं आणि विझतं. दहा मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू.

आतापर्यंत डिझेल फिल्टर आणि हायड्रॉलिक रिटर्न फिल्टर बदलले, एअर फिल्टर हवा मारून साफ केला, हायड्रॉलिक टाकीत आठ लिटर तेल टॉपअप केलं. एक मिस्त्री म्हणतो गिअर पंप बदला. दुसरा म्हणतो फ्युएल पंप उतरवून टेस्ट बेंचवर पाठवा. आधीच्या ऑपरेटरने "उचलत नाही" म्हणून रिलीफचा स्क्रू दीड आटा आत घेतला होता, हे आता कळतंय. खर्चात उतरण्याआधी सुरुवात कुठून करू?

तेलकट_पाना

दोन्ही मिस्त्र्यांना चार दिवस थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यात एक नाही, निदान दोन आजार आहेत, आणि दोघांनी एकेक धरलाय.

लोडवर काळा धूर काढत बंद पडणं म्हणजे इंजिनाला डिझेल मिळतंय, पण हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त होतंय. रिकामं असताना धूर न काढता आचके देत विझणं म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. आणि आचका न देता दिवा मालवल्यासारखं खट्कन बंद पडलं, तर वायरिंग किंवा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल तोडणारी विजेवरची झडप) बघायचा. हे तीन प्रकार ऑपरेटरला नीट वेगळे सांगता आले की अर्धं निदान झालं. "गाडी बंद पडते" एवढ्यावर कुणी पंप उतरवू नये.

आता आर्मची गोष्ट. फ्लोमीटर नसला तरी तुमच्याकडे घड्याळ आहे, आणि सिलिंडरची मापं तुम्ही दिलीच आहेत. ६३ बोअरचं क्षेत्रफळ ३१.२ चौ. सेंमी. ८० सेंमी स्ट्रोकला एका सिलिंडरमध्ये २.५ लिटर, दोन्हीत मिळून ५ लिटर तेल जातं. साडेचार सेकंदांत ५ लिटर म्हणजे मिनिटाला ६६-६७ लिटर, पंप जवळपास नव्यासारखा देतोय. आठ सेकंदांत ५ लिटर म्हणजे ३७-३८. गरम झाल्यावर तीस लिटर कुठेतरी जातात, किंवा पंपाला ते मिळतच नाहीत.

झिजलेला गिअर पंपही गरम तेलावर मार खातो, मान्य. पण रिकाम्या बकेटवर दाब फार नसतो, आणि दाब नसताना झिजलेल्या पंपाचीही गळती एवढी होत नाही. बिनलोडावरच निम्मं तेल कमी आणि वर कण्हण्याचा आवाज म्हटल्यावर माझा पहिला संशय सक्शनवर. टाकी ते पंप हा होज तापला की आतलं रबर मऊ पडतं आणि पंपाच्या ओढीने चपटा होतो. थंडीत ताठ, दुपारी चपटा. टाकीतली सक्शन जाळी तुंबली असेल तर उलटं होतं, सकाळी थंड घट्ट तेलावर जास्त ओरडतं आणि तापल्यावर आवाज कमी होतो. तुमचं तसं नाही.

काय करा: मशीन तापल्यावर आर्म पूर्ण खाली, एक माणूस सीटवर, दुसरा मागच्या दारातून टॉर्च मारून नुसता होज बघेल. हात आत घालायचा नाही, पंखा आणि बेल्ट तिथेच आहेत. फुल रेसला होज पोटाशी आत गेलेला दिसला तर निदान झालंच. पंपाच्या इनलेटला व्हॅक्युम गेज लावता आला तर उत्तम. ०.२ बारच्या आत असावं, ०.३ च्या पुढे गेलं तर पंप तेलाऐवजी बुडबुडे चावतोय. टाकीतलं तेलही बघा. वर फेस असेल तर क्लॅम्पमधून हवा घुसतेय. ताकासारखं पांढरं असेल आणि रात्रभर ठेवूनही निवळत नसेल तर पाणी आहे. तापलेल्या तव्यावर थेंब टाका, तडतडला तर पाणीच.

डिझेल_लाइन

डिझेलच्या बाजूचं मी सांगतो. "दहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला चालू" या वाक्याने फ्युएल इंजेक्शन पंप जवळपास सुटला. झिजलेला पंप गरम असताना सहसा चालू व्हायला त्रास देतो, गार झाल्यावर चालतो. पण दहा मिनिटांत एवढं लोखंड गार होत नाही. दहा मिनिटांत सुटतो तो व्हॅक्युम.

टाकीत प्लास्टिकचा तुकडा, कॅनच्या झाकणाचं सील, चिंधी असं काही तरंगत असतं. डिझेल ओढताना ते पिकअप नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतं. इंजिन उपाशी मरतं, ओढ थांबते, तुकडा सुटून खाली पडतो, पुन्हा सगळं ठीक. दुसरं कारण टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र. यार्डातली सिमेंटची धूळ आणि डिझेलचा ओलावा, त्याचा लेप बसून भोक बुजतं. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. "स्स्स" करून हवा आत गेली तर तेच.

खात्रीचा प्रयोग कॅनचा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन फीड पंपापेक्षा वर बांधा, ८ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी घेऊन थेट फीड पंपाच्या इनलेटला द्या. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर पाच लिटर बघता बघता टाकीत जातील. सायलेन्सरपासून कॅन लांब. तासभर चालवा. बंद पडलं नाही तर दोष टाकी, पिकअप, टाकीकडचा पाइप किंवा वॉटर सेपरेटर यांत. बंद पडलंच, आणि नळीत बुडबुडे नाहीत, तर फीड पंप, मेन फिल्टरचं डोकं आणि बॅन्जोचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर बघा. वॉशर जुनेच उलटून लावायची आपल्याकडे खोड आहे. रुपयांत मोजावा असा जिन्नस नाही तो, दर वेळी नवा घाला.

लक्षात ठेवा, फीड पंपाच्या आधीच्या पाइपला भेग असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो म्हणून तो सुटला असं समजू नका.

सोलेनॉइड वगळायचा असेल तर त्याच्या होल्ड वायरला १२ व्होल्टचा छोटा दिवा समांतर जोडून ऑपरेटरला दिसेल असा कॅबमध्ये चिकटवा. इंजिन विझण्याआधी दिवा गेला तर सीट स्विच, सीट बारचा सेन्सर, फ्यूज, अर्थ. इंजिन विझलं आणि दिवा जळतोच आहे, तर वायरिंगच्या मागे लागू नका. आणि सीट बारचं इंटरलॉक वायर जोडून कायमचं बायपास करायचं नाही. आर्मखाली माणूस चिरडू नये म्हणून ते आहे.

साइटफिटर_नगर

एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. ऑक्झिलरी लाइनचं (ब्रेकर, झाडू अशा अटॅचमेंटला तेल देणाऱ्या लाइनचं) बटण सतत-चालू अवस्थेत अडकलेलं नाही ना? ब्रेकर किंवा झाडू काढून ठेवला, कपलर मोकळे, आणि ऑक्झिलरी चालूच राहिली तर पंपाचं सगळं तेल रिलीफवरून उडत राहतं. इंजिन आयडलला गुदमरतं, तेल अर्ध्या तासात भाजतं. अटॅचमेंट लावलेली असतानाही रिटर्नचा क्विक कपलर पूर्ण बसला नाही तर आतला पॉपेट (झडप) अर्धाच उघडतो, परिणाम तोच. फ्लॅट-फेस कपलरची कॉलर फिरवून लॉक होते की नाही ते हाताने बघा.

ओळखायची खूण: तेल २०० बारवरून रिलीफमधून सुटलं की एका फेरीतच साधारण १२ अंशांनी तापतं. इन्फ्रारेड गनने वॉल्व्ह ब्लॉक आणि टाकी दोन्ही मोजा. लिव्हर मोकळे असताना रिलीफच्या काडतुसाजवळ टाकीपेक्षा आठ-दहा अंश जास्त दिसले तर तिथून तेल जातंय.

ड्राइव्हकडेही एकदा बघा. मशीन चारही चाकं अधांतरी राहतील असं भक्कम स्टँडवर घ्या (जॅकवर नाही), मग एकेक बाजू फुल रेसला फिरवा. दोन्हींकडे फेऱ्या सारख्याच पडायला हव्यात. एका बाजूला १५०-२०० नी जास्त पडल्या तर तिकडचा पार्किंग ब्रेक घासतोय, चेन केसमध्ये काही अडलंय किंवा मोटर जड झालीय. बऱ्याच मॉडेलांत ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि चार्ज प्रेशरने सुटतो, म्हणून गरम तेलावर चार्ज किती राहतो ते मोजल्याशिवाय ब्रेक खोलू नका.

खडीयार्ड_चाकण

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लावले, आकडे देतो.

ऑक्झिलरी बंदच आहे, ब्लॉक आणि टाकीत तीन अंशांचा फरक. चाकं उचलून दोन्ही बाजूंना फेऱ्या सारख्याच पडल्या. चार्ज प्रेशर तेल ७८ अंशांवर असताना २३ बार.

कॅनवर दीड तास चालवलं, रिकामं असताना एकदाही बंद पडलं नाही. मग टाकी रिकामी केली. तळाशी बोटभर काळा गाळ आणि तळहाताएवढा पांढऱ्या पॉलिथिनचा तुकडा, ड्रमच्या आतल्या अस्तराचा असावा. पिकअप जाळीवर त्याचा गोल ठसा उमटलेला होता.

सक्शन होज: तापल्यावर मधोमध अक्षरशः चपाती होते. कुणीतरी साधा पाण्याचा रबर होज बसवलेला आहे, आत तार नाही.

मेन रिलीफ: ४०० बारचा गेज टेस्ट पोर्टला लावला, बकेट मागे पूर्ण वळवून धरली. २५५ बार! लोडवर मात्र कॅनवरही इंजिन बसतंच होतं. आता रिलीफ किती आणि कसा खाली घेऊ? २१० ला आणला तर उचलणार का?

तेलकट_पाना

उचलेल. उचलत नव्हतं ते दाब कमी म्हणून नव्हे, पंपाला तेल मिळत नव्हतं म्हणून मंद होतं. मंद आणि अशक्त यांतला फरक न करता स्क्रू आवळला गेला. वेग फ्लोवर, ताकद दाबावर. शिवाय स्किड स्टीअरचा रेटेड लोड म्हणजे मशीन पुढे उलटायला लागेल त्या वजनाच्या निम्मा धरलेला असतो. दाब वाढवून तो वाढत नाही, मागची चाकं तेवढी हवेत जातात.

इंजिनावर काय होत होतं बघा. लिटर गुणिले बार भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. ६८ लिटर, २१० बार: २३.८, पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर इंजिनाकडून २८ किलोवॅट. २५५ बारला तेच ३४. तुमचं इंजिन सगळं मिळून ४४ किलोवॅटचं. ड्राइव्हला १६ उरायचे ते १० उरले, त्यातूनच पंखा आणि चार्ज पंप. ढिगात घुसताना ड्राइव्हलाही पूर्ण ओढ लागते. मग इंजिन बसणारच.

आणि ते एकदा खाली यायला लागलं की सावरत नाही, कारण गिअर पंपाचा टॉर्क फेऱ्यांवर नाही, दाबावर ठरतो. एका फेरीत २५ सीसी तेल देणारा पंप (तुमचा जवळपास तेवढाच) २१० बारला सुमारे ८४ न्यूटन-मीटर मागतो, २५५ ला १०१. फेऱ्या पडल्या तरी मागणी तेवढीच.

सेटिंग असं करा. होज आधी बदला, नाहीतर बुडबुड्यांनी गेजचा काटा नाचेल. तेल ५०-६० अंशांवर आणा. आर्म खाली, सीट बार खाली, फुल रेस, बकेट मागे पूर्ण वळवून धरा, पाच सेकंदांत आकडा वाचा आणि सोडा. इंजिन बंद, दोन्ही फंक्शनचा दाब सोडा, मग लॉकनट सैल करून स्क्रू बाहेर घ्या. आधी पूर्ण दीड आटा बाहेर, म्हणजे २०० च्या आसपास याल, मग पाव-पाव आटा आत घेत २१० वर या. वरून खाली उतरून थांबू नका, स्प्रिंग आणि आट्यांतलं ढिलेपण फसवतं. लॉकनट आवळल्यावर पुन्हा वाचा, आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

एक शंका मिटवून घ्या. काही वॉल्व्हमध्ये बकेटच्या पोर्टला वेगळा रिलीफ असतो. तो सहसा मेनपेक्षा वर लावलेला असतो, पण कुणी छेडला असेल तर गेज मेनचा नाही, त्याचा आकडा दाखवेल. म्हणून एकदा सीटवर बसूनच आर्म पूर्ण वर नेऊन लिफ्टच्या टोकालाही वाचा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. वर केलेल्या आर्मखाली काही करायचं असेल तर सपोर्ट लावल्याशिवाय कुणी जायचं नाही, आणि गळती शोधायची तर पुठ्ठ्याने. २०० बारची सुईएवढी धार कातडीत तेल घालते, वरून टोचल्याएवढंच दिसतं, आणि उशीर झाला तर बोट जातं. तसं झालंच तर थेट मोठ्या हॉस्पिटलला.

होज एसएई १००आर४ दर्जाचा घ्या, आत स्टीलच्या तारेची गुंडाळी असलेला. ६८ लिटरला दीड इंची म्हणजे ३८ मिमी व्यास ठेवा, तेलाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास राहतो. क्लॅम्प टी-बोल्टचे, दोन्ही टोकांना. स्क्रूवाले पातळ पट्टीचे नकोत.

गरमतेल

होज वगैरे ठीक, पण आपल्या उन्हाळ्यात व्हीजी ४६ (घट्टपणाची ग्रेड, आकडा मोठा तेवढं तेल घट्ट) पातळच पडतं. ६८ टाका, आर्मही जोरात चालतील आणि पंपाचा आवाजही जाईल.

तेलकट_पाना

असहमत. सक्शन गुदमरलेलं असताना घट्ट तेल टाकणं म्हणजे चिंचोळ्या नळीतून काकवी ओढणं. सकाळचा आवाज उलट वाढेल. सक्शन नीट झाल्यावरही तेल ८५ च्या वर जात असेल तर आधी कूलरच्या पंखांमधली सिमेंटची धूळ काढा, पंख्याच्या उलट बाजूने हवा मारून, पाण्याने नको. ओल्या सिमेंटचं काय होतं ते आरएमसीवाल्यांना सांगायला नको. ६८ पुस्तकात त्या तापमानासाठी दिलं असेल तरच. आणि टॉपअपचे आठ लिटर कुठल्या ग्रेडचे होते? काही मशीनांत हायड्रॉलिकला इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, त्यात साधं हायड्रॉलिक तेल मिसळू नका.

डिझेल_लाइन

एअर फिल्टरचं राहिलं. हवा मारलीत ती आतून बाहेर आणि दोन बारच्या आत मारली होती का? बाहेरून सहा बार मारला तर धूळ कागदात रुतते, कागद फाटतोही. आतलं छोटं सेफ्टी एलिमेंट कधी साफ करायचं नसतं, बदलायचं. काळ्या धुराचा काही भाग त्याचाही असू शकतो.

खडीयार्ड_चाकण

टॉपअप ४६ चंच होतं, पुस्तकातही ४६ च आहे, टिन पाहून खात्री केली. एअर फिल्टर बाहेरूनच मारला होता, कबूल. दोन्ही एलिमेंट नवीन घातले.

होज मिळाला, टाकी धुऊन पिकअप जाळी बसवली, रिलीफ २१० वर. लिफ्टच्या टोकाला २११ दाखवतो. तेल ७६ अंशांवर असताना आर्म ४.७ सेकंदांत वर. बकेट पूर्ण वळवून धरली की फेऱ्या २८०० वरून २५५० वर येऊन टिकतात. ढिगात घुसून लिफ्ट दिली तर २१०० पर्यंत जातं, पण बंद पडत नाही.

ऑपरेटर बॅकहोवरून आलेला आहे. इंजिन दबलं की लिव्हर आणखी पुढे ढकलतो. त्याला काय सांगू?

साइटफिटर_नगर

४.७ म्हणजे ६४ लिटर, पंप शाबूत आहे. पण बुडबुडे चावून झालेत त्याचे, म्हणून ५० तासांनी रिटर्न फिल्टर कापून आत पितळी किंवा ॲल्युमिनियमची चमक आहे का बघा.

ऑपरेटरला सांगा: या मशीनला गिअर नाही. लिव्हर पुढे ढकलला की ड्राइव्ह पंपाची प्लेट जास्त कलते, म्हणजे वरचा गिअर टाकल्यासारखं होतं. इंजिन दबलं की लिव्हर मागे घ्यायचा, फेऱ्या परत येतील, ओढ वाढेल. ढिगात शिरताना फुल रेस, लिव्हर अर्धा, बकेट आधी वळवायला सुरुवात आणि मग लिफ्ट.

आणि होज बदलताना सक्शनची बाजू रिकामी झाली असणार. पंपात तेल ओतून भरलं होतं का? नसेल तर पुढच्या वेळी इनलेटमध्ये तेल भरा, डिझेल बंद ठेवून दहा सेकंद सेल्फ मारा, मग दोन मिनिटं आयडलला. कोरडा पंप फुल रेसला नेला तर दिवसभरात जेवढा झिजायचा तेवढा मिनिटात झिजतो.

खडीयार्ड_चाकण

भरलं होतं, अर्धा लिटर बसलं. फिल्टर ५० तासांनी कापतो आणि काय दिसतं ते इथेच टाकतो.